दादाने मागितलेला ग्लास

मी चिडका माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो. दादाला जाऊन वर्ष उलटलं, तरी त्याच्याबद्दल बोलायला लागलो की आधी माझा आवाज चढतो आणि डोळे मागाहून भरतात. बायको म्हणते, तुमचं सगळं उलटंच. असेल.

दादा माझ्याहून सात वर्षांनी मोठा. आयुष्यभर सरकारी कचेरीत कारकून होता आणि निवृत्त झाल्यावर आमच्या वस्तीतल्या विहाराचा सचिव झाला. रविवारी वंदनेच्या आधी चटया अंथरायला पहिला तोच हजर. लहान मुलांना पंचशील शिकवायचं कामही त्याचंच होतं. पाचव्या शीलापाशी, म्हणजे दारूला शिवणार नाही असं जिथे म्हणायचं असतं तिथे, त्याचा आवाज एक पट्टी वर जायचा. ते माझ्यासाठी असायचं. सगळ्या वस्तीला ते ठाऊक होतं, मुलांनासुद्धा.

कारण मी प्यायचो. शहरातल्या एका हॉटेलात बारच्या काउंटरमागे सतरा वर्षं काढली मी. हातात कसब होतं, गिऱ्हाईक खूश होतं, आणि सुरुवातीला मी फक्त चव पाहायचो. पुढे जे होतं तेच झालं, त्यात नवीन सांगण्यासारखं काही नाही. नोकरी गेली. एका वैशाख पौर्णिमेला भरदुपारी पिऊन मी विहारात गेलो आणि कोणी न सांगता खीर वाटायला उभा राहिलो. पातेलं हातातून सुटलं. खीर चटयांवर, बायांच्या पांढऱ्या लुगड्यांवर, पोरांच्या पायांवर. नशीब की ती गार झाली होती. दादाने सगळ्यांसमोर माझी कॉलर धरली आणि मला रस्त्यापर्यंत ओढत नेलं. परत आत गेला आणि चटया धुवायला बसला, हे मला दुसऱ्यांकडून कळलं.

त्यानंतर दोन वर्षांनी मी सोडली. व्यसनमुक्तीच्या वॉर्डात राहिलो, घरी आलो, मिहानच्या औद्योगिक भागातल्या एका कंपनीच्या कँटीनमध्ये चहा-कॉफीवर नोकरी लागली. पहिलं वर्ष कोरडं गेलं त्या दिवशी पेढे घेऊन दादाकडे गेलो. त्याने एक पेढा उचलला, अर्धा मोडून वहिनीला दिला आणि म्हणाला, "न पिणं हा काही पराक्रम होय काय? मी जन्मभर नाही पिलो. मले कोणी हार घातला नाही."

मला हार नको होता. हे कठीण होतं, एवढं त्याने एकदा म्हणावं, इतकीच माझी हाव होती. ते तो म्हणाला नाही. पुढे येणंजाणं सुरू झालं, सणावाराला एका पंगतीत बसलो, पण ते वाक्य मी दहा वर्षं छातीत घेऊन फिरलो. रोज सकाळी पंचशील म्हणताना पाचव्यापाशी मी मुद्दाम आवाज खाली घ्यायचो. त्याच्यासारखं म्हणायचं नव्हतं मला.

मग त्याचं लिव्हर गेलं. त्याचं, माझं नाही. डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत विचारलं, पिता का, आणि तो खुर्चीत ताठ होऊन म्हणाला, "कधीच नाही." मी मागे उभा होतो. पूर्वी कधीतरी झालेली कावीळ शरीरात तशीच राहिली होती आणि तिने इतकी वर्षं आतल्या आत लिव्हर पोखरलं, असं डॉक्टर सांगत होते. माझ्या सगळ्या तपासण्या स्वच्छ होत्या. वस्तीत लोक कुजबुजायचे, पिणारा हिंडून राहिला अन् न पिणारा चालला. मला त्या लोकांचा राग यायचा, पण त्यांचं खोटं काय होतं?

फेब्रुवारीत त्याला घरी आणलं. आता करण्यासारखं काही नाही, जे मागतील ते द्या, असं सांगितलं होतं. मी सुट्टीच्या दिवशी त्याच्याकडे बसायचो. त्याचे पाय चेपायचो, कॉफी करून द्यायचो. आयुष्यात त्याचा एकच शौक होता, दिवसातून दोनदा दुधाची कॉफी. आता दोन चमच्यांवर आली होती.

एका रविवारी वहिनी विहारात गेली असताना तो म्हणाला, "तुह्या हॉटेलात कॉफीचं काही भेटे म्हणे. दारूतलं."

मी म्हणालो, "भेटे."

"कसं असते ते?"

मला वाटलं, वेळ घालवायला विचारतोय. मी सांगितलं. ग्लासात बर्फ, त्यावर वोडका, कॉफीची गोड दारू, वरून घट्ट क्रीम, आणि सगळ्यात शेवटी काळा कोला, हलक्या हाताने, म्हणजे फेस चढतो. ज्यांना कडू सोसत नाही त्यांच्यासाठी असायचं ते. मेन्यूवर त्याला कुत्र्याच्या एका जातीचं नाव होतं. हे ऐकून तो हसला. बऱ्याच दिवसांनी हसला.

मग म्हणाला, "मले करून दे एकदा."

मी त्याचे पाय चेपत होतो, ते सोडून दिले. "काहून?"

"तुले त्याच्यात काय भेटत होतं, ते पाहाचं हाय मले. तसंच मेलो तर समजणार नाही."

मला असा संताप आला की सांगता येत नाही. म्हणालो, "जन्मभर शील शील केलं, अन् आता मरताना तुले चव पाहाची हाय? अन् तेही माह्या हातून?"

"शील मोडलं तर परत घेता येते," तो शांतपणे म्हणाला. "तू घेतलंच ना."

मी उठून घरी आलो. बायकोला सांगितलं तेव्हा माझा आवाज चढलेलाच होता. ती भाजी निवडत होती. सगळं ऐकून म्हणाली, "त्याईची इच्छा हाय तर कराच लागते. पण बाटली आणाले तुमी जाचं नाही."

ती बरोबर होती. अकरा वर्षं मी वाइन शॉपच्या बाजूच्या फुटपाथवरूनही चाललो नव्हतो. दारू मिसळायला मी घाबरत होतो का? होय, घाबरत होतो. मला सांगितलं होतं वॉर्डात, एक घोट म्हणजे पुन्हा पहिल्या दिवसावर, आणि माझ्यासारख्याला दुसरा पहिला दिवस मिळेलच असं नाही. बायकोला हे माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. त्या आठवड्यात ती रोज रात्रीच्या जेवणाला माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहायची.

डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, एक-दोन घोट, त्याहून जास्त नको.

बाटली वहिनीने आणली. साठी उलटलेली बाई, वंदनेला पांढरं लुगडं नेसून पहिल्या रांगेत बसणारी. पुढच्या रविवारी तिने विहारातून घरी येऊन पांढरं बदललं, निळं नेसली, कापडी पिशवी घेतली आणि दोन वस्त्या ओलांडून जिथे कोणी ओळखणार नाही अशा दुकानात गेली. रांगेतल्या बाप्यांनी बाजूला होऊन तिला पुढे जाऊ दिलं. कोणत्या नावाची मागायची ते मी सांगून ठेवलं होतं, तरी तिने म्हटलं, "वोडका द्या, लहानातली लहान." दुकानदाराने पव्वा दिला. ती मला हे सांगत होती तेव्हा तिच्या कपाळावर घाम होता. "भाऊजी," ती म्हणाली, "लोकं इतक्या आदरानं मले कधी पुढं जाऊ देत नाही."

कॉफीची गोड दारू काही मिळण्यातली नव्हती. तिच्याऐवजी मी घरून कॉफीचा पाक करून नेला. वाटीभर पाण्यात कॉफी आणि साखर घालून मंद आचेवर ठेवली, पाक चिकट व्हायच्या आत उतरवला, गार झाल्यावर व्हॅनिलाचे दोन थेंब घातले. एवढ्यात काही भीती नव्हती. त्या वासाने मला उलट बरं वाटलं.

दादाला हे बाहेरच्या खोलीत नको होतं, तिथे वंदना होते म्हणून. "स्वयंपाकघरात बसतो," म्हणाला. मी आणि वहिनीने त्याला उचलून प्लॅस्टिकच्या खुर्चीत ठेवलं आणि खुर्ची ओट्यासमोर आणली. चार दिवसांपासून तो पाय टेकत नव्हता. दुपारचे तीन वाजले असतील. खिडकीतून शेजारच्या गच्चीवरचे वाळत घातलेले पापड दिसत होते. वहिनीने खिडकी लावून घेतली.

वहिनीने बूच फिरवलं. तो आवाज मला पाठीच्या कण्यात ऐकू आला. वोडकाही तिनेच ओतायची असं ठरलं होतं, पण तिला अंदाज येईना, धार भलतीकडेच चालली. शेवटी मी बाटली हातात घेतली. माप म्हणून दादाच्या औषधाच्या बाटलीचं झाकण घेतलं. ग्लासात बर्फ, त्यावर दोन झाकणं वोडका, दोन झाकणं पाक. हात थरथरतील असं मला वाटलं होतं. एकदाही थरथरले नाहीत, आणि भीती वाटली ती त्याचीच. बोटांनी काही म्हणजे काही विसरलं नव्हतं.

वर क्रीमच्या जागी साय घातली. वहिनीने वाटी काढून ठेवली होती. मग काचेला लावून कोला सोडला आणि ग्लासात सगळं फाटलं. पांढऱ्या गुठळ्या वर आल्या आणि कडेला चिकटल्या.

साईला विरजण लावलेलं होतं. आमच्या घरांमध्ये साय म्हणजे लोण्याची. ती अशीच कोणी पीत नाही, म्हणून रोज काढायची आणि चमचाभर ताक घालून साठवायची, हे वहिनीच्या हाताला सवयीचं. तिची काही चूक नव्हती. चूक माझी. काउंटरमागे असतो तर साय आधी बोटाने चाखून पाहिली असती. पण त्या दिवशी त्या ओट्यावरचं काहीच तोंडात घालायचं नाही, अशी मी मनाशी गाठ मारली होती, आणि त्या नादात साधी साय पाहायची राहिली.

"अगं बाई," वहिनी म्हणाली. "आंबट होती काय वं माय." ती डेअरीवरून ताजं क्रीम आणते म्हणाली आणि चपला घालून निघालीसुद्धा. मी नाही म्हणायच्या आत दार लागलं.

फाटलेला ग्लास मी मोरीत ओतला. तोंड फिरवून, श्वास धरून, हात लांब करून ओतला, तरी वास आलाच. नळ सोडला, ग्लास विसळला, ओट्यावर पालथा घातला. मग लक्षात आलं की बाटली उघडी आहे, तीन चतुर्थांश भरलेली आहे आणि घरात मी एकटा आहे. दादा होता, पण तो खुर्चीतून उठून मला अडवू शकत नव्हता.

मी बूच लावलं. ते लागल्यावर पुन्हा एकदा घट्ट केलं. मग जमिनीवर भिंतीला टेकून बसलो आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबले. हे मला वॉर्डात कोणी शिकवलं नव्हतं, माझं मीच शोधलेलं आहे. हात अडकले की माणूस जरा वेळ तरी बसून राहतो.

दादा माझ्याकडे बघत होता. पिवळे पडलेले डोळे, पण बघत होता सगळं.

"वास येऊन राहिला काय तुले?"

"येऊन राहिला."

"याले तर वास नसते म्हणतात."

"ज्याले नाही पाहिजे, त्याले नसते."

तो म्हणाला, "असं किती वेळ वाटते?"

"पंधरा-वीस मिनिटं. चढते, मंग उतरते."

"मंग संपते?"

"मंग काही दिवसांनी परत येते."

"अजून? अकरा वर्षांनी?"

"अजून."

माझ्या कपाळावरून घाम नाकावर आला होता आणि हात मांड्यांखाली असल्यामुळे मला तो पुसता येत नव्हता. फ्रिज घरघरत होता. दादा खुर्चीच्या हाताला धरून जरा पुढे वाकला.

"तू कधी सांगितलं नाही," तो म्हणाला.

"तू कधी विचारलं?"

मी हे ओरडूनच म्हणालो. मरायला टेकलेल्या माणसावर ओरडलो. त्याने मान हलवली, हो म्हणतात तशी. वहिनी येईपर्यंत आम्ही दोघे तसेच बसून होतो, मी जमिनीवर आणि तो खुर्चीत, आणि त्याने माझ्यावरून नजर हलवली नाही. लहानपणी मला ताप आला की तो असाच उशाशी बसायचा. मला त्या वेळी त्याच्याबद्दल इतकी माया वाटली की तिचाही रागच आला.

वहिनी आली. या खेपेला क्रीम मी नखावर घेऊन जिभेला लावलं. गोड होतं, नुसतं क्रीम होतं, आणि मी काही मेलो नाही. बाकीचं सगळं पहिल्यासारखं केलं. बर्फ, दोन झाकणं, दोन झाकणं. चमचा पालथा धरून क्रीम सोडलं, ते वर थांबलं. मग कोला, काचेच्या कडेने, थेंबाथेंबाने. तपकिरी फेस क्रीममधून वर आला, काठापर्यंत चढला आणि थांबला. सुंदर झाला होता ग्लास. खोटं कशाला बोलू, मला अभिमान वाटला.

दादाने दोन्ही हातांनी धरला. वहिनीने खालून तळवा लावला. त्याने पहिला घोट घेतला तो ओठांपर्यंतच, फेस मिशीला लागला. दुसरा नीट घेतला. तोंडात धरून ठेवला, मग गिळला, गिळताना त्याच्या गळ्याला त्रास झालेला दिसला. त्याने डोळे मिटले.

मला वाटलं, तोंड वाकडं करेल. म्हणेल, याच्यासाठी? म्हणेल, यात काय आहे? तसं म्हणाला असता तर मी काय केलं असतं कोण जाणे. त्या उत्तराची तयारी मी आठवडाभर करत होतो.

"लई चांगलं लागते," तो म्हणाला.

वहिनीने माझ्याकडे पाहिलं. दादाने आणखी एक घोट घेतला, अगदी लहान. हाताच्या पंजाने मिशी पुसली. ग्लासात बघत राहिला. फेस बसत होता आणि त्याचा बारीक आवाज येत होता.

"इतकं चांगलं लागते," तो पुन्हा म्हणाला, या वेळी हळू. "अन् हे तू सोडलं गा."

माझ्या डोळ्यांतून जे यायला लागलं ते शर्टाच्या बाहीने पुसत राहिलो. वहिनीने पदर तोंडाला लावला होता.

"मले वाटे, वाईट गोष्ट सोडाची, त्यात काय हाय," तो म्हणाला. "वाईट नाही लागत हे. मले कोणी सांगितलंच नाही. पोरांले मी काय शिकवत होतो इतकी वर्षं?" आणि मग, बऱ्याच वेळाने, "त्या पौर्णिमेले मी तुले असं हात लावाले नाही पाहिजे होतं. सगळ्यांसमोर."

ग्लास अर्ध्याहून जास्त भरलेला होता. डॉक्टरांनी सांगितलं तेवढं झालं होतं. मी डोळे पुसून पुढे झालो आणि ग्लास घ्यायला हात पुढे केला. त्याने तो छातीशी ओढून घेतला.

"तू नको," म्हणाला. "मी टाकतो."

"अहो, बसा तुमी," वहिनी म्हणाली. "द्या इकडं, मी टाकते."

त्याने तिलाही दिला नाही. एका हाताने ओटा धरला आणि उठायला लागला. पहिल्यांदा जमलं नाही, परत बसला. दुसऱ्यांदा उठला. ग्लासातलं थोडं लुंगीवर सांडलं. मोरी पाच पावलांवर होती. मी मागे दोन्ही हात पसरून चाललो, न शिवता, कारण बोट लावलं तर तो ओरडेल हे मला कळत होतं. एकेक पाऊल टाकायला त्याला किती वेळ लागला सांगता येत नाही. ओट्याच्या कडेला बोटं घासत घासत तो मोरीपाशी पोचला आणि ग्लास उपडा केला.

मग मागे न बघता हात पुढे केला. "बाटली."

वहिनीने बाटली त्याच्या हातात दिली. त्याला बूच निघेना, मी फार घट्ट लावलं होतं. त्याने ते दातांत धरून फिरवलं. सगळी बाटली मोरीत रिकामी होईपर्यंत तो माझ्या आणि मोरीच्या मध्ये उभा राहिला, त्याची वाळलेली पाठ माझ्याकडे करून. नळ सोडला. पाणी खूप वेळ वाहू दिलं. ग्लासात बोट फिरवून तो विसळला, वास घेऊन पाहिला, पुन्हा विसळला.

त्याने नळ बंद केला.

"आता धर मले," तो म्हणाला.

मी त्याला धरलं.